गूळ हातात घेऊन

गुऱ्हाळाच्या धुराला वास असतो, हे आमच्या घरात फक्त पाहुण्यांना कळतं. आलेला पाहुणा आधी नाकाला रुमाल लावतो, मग आमच्या तोंडाकडे बघून घाम पुसल्यासारखं करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, उसाची चिपाडं जळायची. तो धूरही डोळ्यांत जायचा, पण त्याला गोडसर वास होता. आता भंगारवाल्या अमजदचा टेम्पो रांजणगावच्या बाजूनं रबराचे तुकडे, बुटांचे तळवे, फोमच्या चिंध्या असलं काहीबाही भरून आणतो. ते भसकन पेटतं, रसाची मोठी कढई, काहील, लवकर उकळते आणि वाचलेली चिपाडं कागदवाले घेऊन जातात. सगळ्यांची सोय. दोरीवरचे कपडे तेवढे काळे होतात, आणि ते झटकायला मी आहेच.

भांडगाव सोडून खुटबावकडे निघालं की उसाच्या मधोमध आमचं घर लागतं. घरापुढं अंगण, अंगणापलीकडे गुऱ्हाळ. गुऱ्हाळ माझे सासरे सर्जेराव आबा यांचं. आबा एकेकाळी सरपंच होते. पद गेलं, पण रुबाब जागेवर आहे. आसपासचे शेतकरी ऊस आणून टाकतात, आबा गूळ पाडून देतात. हंगाम सुरू झाला की चुलवाण थंड होऊ द्यायचं नाही, ही त्यांच्या बापाच्या वेळची रीत. माझे मालक संपत, आबांच्या हाताखाली. सासूबाई तुळजाबाई, घरात. आणि माझी मुलगी सायली, आठवीतली, जिला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला कबड्डी खेळायची होती.

खेळते कशी म्हणाल तर स्वतःच्या पोरीचं कौतुक करू नये म्हणतात, पण का करू नये? दुसरं कोण करणार आहे? शाळेच्या संघात चढाईला सगळ्यात आधी तिलाच पाठवतात. काटकुळी पोर, समोरच्या सात जणींच्या मधून अशी निसटते की त्या एकमेकींनाच धरतात.

तालुक्याचे सामने दौंडला होते तेव्हा मी बघायला गेले होते. उत्तरार्धात सायली चढाईला गेली आणि कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता तिचा आवाज मध्येच फाटला. एकदा, दोनदा ओठ हलले, पण आवाज आला नाही. पंचांनी शिट्टी वाजवली. बाद. समोरच्या पोरी हसल्या, "घाबरली, घाबरली." ती घाबरली नव्हती. ती रेषेबाहेर येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि खोकायला लागली. मी जवळ गेले तर छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती, आणि गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. आईला असलं दृश्य दाखवू नये.

सामना आमच्या पोरींनी जिंकला. सायलीची शिरूरच्या जिल्हा सामन्यांसाठी निवडही झाली. शिरूर माझं माहेर. "मम्मी, तुझ्या गावात खेळनार मी," ती धाप लागलेली असतानाच म्हणाली. त्या दिवसापासून घरात तिचा एकच विषय, शिरूर.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून आधी एका नळीत जोरात फुंकून घेतलं. मग म्हणाल्या, "जा, जिन्यावरून पळत वर-खाली कर, दम लागेपर्यंत." मला वाटलं चेष्टा करतात. सायली पळून आली, थोड्या वेळानं पुन्हा फुंकलं, तर काटा पहिल्यापेक्षा बराच खाली राहिला. खोकला सुरूच.

"हिच्या श्वासनळ्यांना आतून सूज आहे," बाई म्हणाल्या. "आधीच चिंचोळी झालेली वाट. पळताना ती तोंडानं भराभर कोरडी हवा ओढते, मग ती वाट आणखी आवळते. खेळताना उमटणारा दमा म्हणतात याला. पण नीट ऐका हं, पळणं हा आजार नाही. पळाल्यावर तो दिसतो, एवढंच. खेळायला अजिबात हरकत नाही."

मग त्यांनी दोन पंप दिले. निळा खेळाच्या आधी थोडा वेळ घ्यायचा, आणि त्रास झाला तर घ्यायचा. दुसरा सूज उतरवायचा, तो रोज, बरं वाटत असलं तरी, आणि नंतर चूळ भरायची. पंपाला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं दाखवलं, त्यातून ओढायचं कसं ते सायलीकडून करून घेतलं. शेवटी विचारलं, "घराजवळ धूर-बिर असतो का?"

संपत म्हणाले, "न्हाई, तसं काय न्हाई."

त्यांच्या शर्टाच्या कॉलरला काजळी होती. मी म्हणाले, "हाय. दारात गुऱ्हाळ हाय. रबर जाळत्यात."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "मग औषधं अर्धंच काम करतील," त्या म्हणाल्या. "एका हातानं सूज उतरवायची आणि दुसऱ्या हातानं चढवायची, असं होईल ते."

परत येताना जीपमध्ये वरवंड मागं पडल्यावर संपत म्हणाले, "कशाला सांगायचं व्हतं? बाहेरच्या मान्साला?"

"ती डॉक्टर हाय."

"म्हंजी बाहेरचीच की."

माझा नवरा वाईट नाही. सायली आजारी पडली की त्यालाच आधी ताप येतो. पण आबांपुढं त्याची जीभ टाळूला चिकटते, आणि ती सोडवायचं औषध कुठल्या पंपात मिळत नाही.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी एका वाक्यात उरकलं. "खेळल्यानं व्हनारा दमा हाय म्हणं."

"मंग खेळायचं बंद," सासूबाई म्हणाल्या. झालं. सुंठीवाचून खोकला गेला. मी म्हणाले, आत्या, डॉक्टर म्हणाल्या खेळू द्या, धुरापासून जपा. त्या म्हणाल्या, "धुरात आमची हयात गेली. आमाला काय झालं?" असं म्हणताना त्या स्वतः खोकत होत्या, पण त्यांचा खोकला वयाचा होता, सायलीचा कबड्डीचा. धुराच्या वाट्याला कोणाचाच खोकला येत नव्हता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं.

आबा एवढंच म्हणाले, "बघू." आबांचा 'बघू' म्हणजे उंबऱ्यावर बसलेलं मांजर. ना आत, ना बाहेर.

पंपांनाही घरात जागा मिळेना. सासूबाईंनी ते उचलून कपाटात कपड्यांखाली सारले. "असल्याची सवय लागती. आन् पावन्यारावळ्यांनी बघितलं, तर उद्या पोरीला कोन करून घील?" पोर आठवीत, आणि यांना तिच्या लग्नाची धाप लागलेली. मी पंप काढून माझ्या शिलाईच्या डब्यात ठेवले. रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून आम्ही मायलेकी चोरासारखा श्वास घ्यायचो. माझ्याच घरात माझ्याच लेकीला श्वास द्यायला मला दार लावावं लागत होतं. याचा मला इतका संताप यायचा की भाकरी थापताना परात वाजायची.

शिरूरच्या भावाला फोन केला. म्हटलं, सामने होईपर्यंत सायलीला ठेवून घेतोस का? बरं वाटलं तर पुढंही बघू. भाऊ रांजणगावला कंपनीत, शिफ्टची नोकरी, एका खोलीत चौघं. "पाठव की ताई," तो म्हणाला. "पण..." त्या 'पण'मध्येच मला उत्तर मिळालं. बिचारा काय करणार? तीही वाट बंद झाली.

तरी पंपानं फरक पडत होता. शाळेत सायली निळा पंप घेऊन खेळायची तेव्हा पूर्ण चढाई करायची. सरांनीही सांगितलं, पोरगी पुन्हा जोरात आलीय. अडचण घरी आल्यावर व्हायची. आणि त्या आठवड्यात थंडी वाढली, वारा पडला, धूर वर जायचं सोडून अंगणात बसायला लागला. त्यातच उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. चुलवाणात एकसारखं रबर पडत होतं.

गुरुवारी ती सरावाहून सायकल दामटत घरी आली. मी दळण निवडत होते. सायकल पडल्याचा आवाज आला म्हणून बघते तर ती तुळशीजवळ ओणवी झालेली. बोलता येत नव्हतं. मी तिच्या दप्तरातून निळा पंप ओढला, शिलाईचा डबा उघडला, सुया, रिळं सगळं अंगणात सांडलं, नळकांडं तिच्या तोंडाला लावलं. "ओढ. थांब. परत ओढ." तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. तिचे ओठ मला निळे वाटले. नसतीलही. पण मला वाटले, आणि त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी तुटलं ते तुटलंच. हळूहळू शिट्टी बारीक झाली. तिला शब्द फुटला. "मम्मी, सायकल उचल," ती म्हणाली. आजी ओरडेल याची तिला काळजी.

तिला ओसरीवर बसवून मी तशीच अनवाणी गुऱ्हाळावर गेले.

काहील रंगात आली होती. रस पिवळा होऊन फसफसत होता. गूळ करणारा कारागीर उत्तर प्रदेशातला, तो लांब दांड्याच्या झाऱ्यानं ढवळत होता. ज्यांचा ऊस होता ते शेतकरी बसलेले. संपत चुलवाणापाशी. आबा खुर्चीवर. सूनबाई गुऱ्हाळावर चहा घेऊन येते, मोकळ्या हातांनी येत नाही, त्यामुळे सगळे बघायला लागले.

"आबा," मी म्हणाले, "ते रबर बंद करा. चिपाडं जाळा. पयलं जाळत व्हता तशी. गुऱ्हाळ बंद करा म्हणत न्हाई मी. माझ्या पोरीला श्वास घेता येईना."

कारागिराचा हात थांबला. एक शेतकरी पुटपुटला, "अरं हलव, खाली लागंल." संपत पुढं आले, "सविता, घरी चल." तेवढ्यात सासूबाई धापा टाकत मागून आल्या. "त्या डाक्टरनीनं हिच्या डोक्यात भरवलंय! पोरगी सायकल उडवत आली म्हणून धाप लागली. धुराचं काय त्यात?" शेतकऱ्यांतला दुसरा म्हणाला, "वहिनी, आता ऊस तोडून पडलाय आमचा. चिपाडावर काहील कवा उतरायची?" प्रत्येकाचं काही ना काही होतं, आणि ते सगळं माझ्याच अंगावर येत होतं. संपत माझ्याकडे असे बघत होते, जशी मीच अंगणात आग लावलीय.

आबांनी हात वर केला.

"तू म्हणती धुरानं. ही म्हणती पळाल्यानं," आबा म्हणाले. "जिला व्हतंय तिलाच इचारू. बोलवा सायलीला. गूळ हातात घिऊन सांगू दे."

आमच्या गुऱ्हाळाची ही रीत. कुणाच्या उसाचा किती गूळ झाला, कुणाची ढेप कुठं गेली, असला तंटा झाला की ज्यानं त्यानं गरम गुळाचा खडा हातात घ्यायचा, काहिलीपुढं उभं राहून बोलायचं आणि तो खडा खायचा. त्या गुळावर खोटं बोललेलं पचत नाही म्हणतात. मी या घरात आल्यापासून कोणी बोललेलं ऐकलं नाही. पोलीसपाटलासमोर सर्रास खोटं बोलणारी माणसं तो खडा हातात आला की मान खाली घालतात.

मला वाटलं, सुटले. खरंच सांगते, मला इतकं हलकं वाटलं की रडू यायला लागलं. आबांनी माझं ऐकलं नाही, पण पोरीचं ऐकणार होते. सायलीला ते जिवापाड जपतात, लहानपणी खांद्यावरून खाली उतरवत नसत. ती एकदा 'हो' म्हणाली की उद्यापासून टेम्पो बंद.

सायली आली. अजून श्वास जड होता. आबांनी स्वतःच्या हातानं खडा तिच्या तळहातावर ठेवला. "भिऊ नगं. खरं सांग बाळा. तुला ह्या धुरानं त्रास व्हतो, का पळाल्यावर व्हतो?"

सायलीनं आबांकडे पाहिलं. मग बापाकडे, आजीकडे, बसलेल्या शेतकऱ्यांकडे. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. माझ्या पायांकडे खरं तर, मी अनवाणी होते ना.

"पळाल्यावर व्हतो, आबा," ती म्हणाली. "धुरानं न्हाई."

आबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आनंद नव्हे, सुटका. मला वाटतं त्यांनाही आतून भीती होती. "झालं तर मग," ते म्हणाले. "पळनं बंद. शिरूरला जायचं न्हाई. पुढं बरी झाल्यावर बघू." सायलीनं मान हलवली आणि मूठ मिटून घराकडे गेली. कारागिरानं पुन्हा झारा चालवायला सुरुवात केली. कोणीतरी मला म्हणालं, "वहिनी, चहाचं बघा जरा."

आणि मी चहा केला. सांगायला लाज वाटते, पण केला. साखर जास्त पडली एवढंच माझं बंड.

संध्याकाळी गोठ्यात तिला गाठलं. ती कालवडीच्या मानेला खाजवत उभी होती. मी दंडाला धरून तिला माझ्याकडे वळवलं. राग अनावर झाला होता. "का खोटं बोललीस? गूळ हातात घिऊन? येवढ्यासाठी गेले व्हते का मी तिथं?"

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. "सगळी तुझ्यावर आली व्हती मम्मी. पप्पापन. तुझ्या बाजूनं एकबी मानूस न्हवतं."

"तू व्हतीस ना!"

"मी व्हय म्हणले असते तर आबांनी टेम्पो बंद केला असता. आन् मग रोज सगळी तुलाच बोलली असती. आजी, शेतकरी, सगळी. तुझ्यामुळं झालं म्हणून. तुला इथंच राहायचंय ना." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आन् मी तो गूळ खाल्लाच न्हाई. हिला चारला. न खाता बोललेलं लागत न्हाई ना गं?"

मी तिला जवळ ओढलं. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो आला. तेरा वर्षांच्या पोरीनं माझा सगळा संसार तोलून बघितला होता आणि त्यापायी आपलं शिरूर सोडून दिलं होतं. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता का? मला नुसती भीती वाटली. हे असं सोडून द्यायला शिकलेल्या बाया मी आयुष्यभर पाहिल्यात, आणि त्यातली एक रोज आरशात दिसते.

"लागत न्हाई," मी म्हणाले.

रविवारी शिरूरचे सामने होते. सायलीच्या जागी अंकिता गेली, तिची मैत्रीण. जाताना शाळेची गाडी आमच्या फाट्यावर थांबली आणि पोरींनी हाका मारल्या. सायली बाहेर गेली नाही.

दुपारी आम्ही घरातले सगळे गुऱ्हाळावर होतो. बाजारासाठी ढेपा गोणपाटात बांधायच्या होत्या. आबा ढेपा उचलून देत होते, संपत आणि सासूबाई बांधत होते, मी गोणपाट कापत होते. सायली पोत्यावर बसून सुतळीचे तुकडे करत होती. सकाळपासून ती घराबाहेर फक्त एवढीच आली होती, चालत. वारा पडलेलाच होता. चुलवाणाच्या तोंडाशी नवा माल टाकला आणि धूर वर न जाता आमच्यात आला.

सायली खोकली. एकदा. मग पुन्हा. मग थांबेचना. सुतळी हातातून गळाली. तीच ती बारीक शिट्टी, आणि आता ती फक्त मला ऐकू येत नव्हती. संपतचे हात थांबले. सासूबाईंनी मान वर केली. आबांच्या हातात ढेप तशीच राहिली.

सगळे आपल्याकडे बघतायत हे सायलीच्या लक्षात आलं. डोळे पाण्यानं भरलेले, तरी तिनं हात हलवला आणि कशीबशी म्हणाली, "ठसका... लागला. सुतळीचा."

"पानी द्या रं पोरीला," आबा म्हणाले.

मी गुरुवारपासून कनवटीला खोचलेला पंप आणि पिशवीतलं नळकांडं काढून तिच्यापाशी गेले. नळकांडं तिच्या तोंडाला लावलं, दाबलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून आबांकडे वळले. मी ओरडले नाही. ओरडायची गरजच नव्हती.

"ती बसली व्हती, आबा," मी म्हणाले. "आता कुठं पळाली ती?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. एवढ्यात मागून कारागीर ओरडला, "काहील तैयार! उतारो!" काहील कुणासाठी थांबत नाही. क्षणभर उशीर झाला तर सगळा गूळ करपतो. संपत धावले, सासूबाई उठल्या. आबांनी ढेप खाली ठेवली, एकदा सायलीकडे पाहिलं आणि तेही गेले.

"ओढ," मी तिला म्हणाले. "थांब. परत ओढ."